घरचा आकडा

माझ्या भावाला धक्क्यावर सगळे निम्मे म्हणायचे. नवा माणूस आला की विचारायचा, “निम्मे कुठे भेटतील?” आणि कुणीतरी पत्र्याच्या शेडकडे बोट दाखवायचं. लोकांना ते आडनाव वाटायचं. आडनाव कसलं, धक्क्यावरच्या सुताराने ठेवलेलं नाव होतं ते, आणि त्या सुताराची जीभ अशी की त्याने एकदा नाव ठेवलं की माणूस मेला तरी सुटत नाही. भाऊ गेला, नाव आहेच. मी मात्र त्याला दादा म्हणत आले, इथेही दादाच म्हणणार.

दादाचं काम शिडाच्या होड्यांची दोर-तार बांधायचं. डोलकाठी उभी धरून ठेवणाऱ्या तारा, शिड वर चढवायचे दोर, त्या दोरांना वळण देणाऱ्या कप्प्या, आणि हे सगळं एकमेकांत अडकवणाऱ्या नालेच्या आकाराच्या पोलादी कड्या, ज्यांना धक्क्यावर शॅकल म्हणतात. त्याच्या शेडच्या वरच माझा माळा. तिथे मी शिडं शिवायचे. आता गुडघे जिना चढू देत नाहीत म्हणून घरी बसले आहे, आणि घरी बसल्यावर माणूस जुनं उकरत बसतो, तसं माझं चाललंय. आमचे हे एका होडीचे कप्तान, दिवसभराच्या सफरीला माणसं न्यायचे. म्हणजे बघा, होडी नवऱ्याची, शिड माझं, दोर भावाचे. सुतार म्हणायचा, या होडीत समुद्र तेवढा बाहेरचा.

हे आमचे आणि दादा, मेहुणे-मेहुणे कमी आणि सख्खे भाऊ जास्त. दादा आमच्या घरात शिरायचा तो थेट स्वयंपाकघरात, आणि भांड्यांवरची झाकणं उघडून बघायचा. असे दोघे एका आकड्यावरून तुटले. भांडले असते तर मी मिटवलं असतं, भांडणं मिटवण्यात माझा हातखंडा आहे. पण ते भांडलेच नाहीत. दोघेही गप्प बसले, आणि माझा जीव टांगणीला लागला. दोघांतलं कुणी एक जायच्या आत त्यांनी एकदा पूर्वीसारखं मोकळं बोलावं, एवढंच माझं म्हणणं होतं. दुसरं काही मी मागितलं नाही.

आकडा कसला ते सांगते, म्हणजे पुढचं कळेल.

कुठलीही कप्पी घ्या, शॅकल घ्या, तिचे दोन आकडे असतात. एक तुटायचा आणि एक वापरायचा. चोवीसशे किलोला जी कप्पी तुटते, ती वापरायची बाराशेपर्यंत. मधला निम्मा भाग मोकळा ठेवायचा, कारण समुद्र काही तराजू घेऊन बसलेला नसतो. वारा एकदम येतो, शिड फडकतं, दोराला हिसका बसतो, आणि हिसक्याचं वजन कुणी आधी सांगून ठेवत नाही. शिवाय पोलाद खारं पाणी पितं. वरून चकचकीत दिसणारी पीन आटे असतात तिथे आतून खाल्लेली असते. त्यात आणखी घोटाळा असा की काही कारखाने मालावर तुटायचा आकडा ठोकतात, काही वापरायचा, आणि कुठला ते लिहीत नाहीत. दादाचं डोकं याच्यावरून जे फिरायचं ते विचारू नका. “नुसता आकडा ठोकतात मेले. म्हणजे औषधाच्या बाटलीवर नुसतं ‘दोन’ लिहिण्यासारखं आहे. दोन थेंब की दोन चमचे?” असं म्हणत तो शेडभर फिरायचा.

म्हणून तो स्वतः ओढून बघायचा. शेडच्या मागच्या अंगाला एक लांबलचक लोखंडी चौकट होती. एका टोकाला जॅक, दुसऱ्या टोकाला वजनाचा काटा, आणि वरून जाड जाळी, कारण तुटलेला तुकडा सुटला की भिंतीतून जायचा. प्रत्येक नव्या मालातली एक कप्पी तो मुद्दाम तोडायचा. मी वर माळ्यावर शिवत असायचे आणि खालून ठण्ण आवाज आला की माझी सुई हमखास तिरकी जायची. मग खालून दादा ओरडायचा, “घाबरू नकोस गं, चांगली तुटली.” तुटलेल्या तुकड्यांची त्याच्याकडे खोकी भरलेली होती. वहिनी म्हणायची, ह्यांना धडकं काही आवडतच नाही, मी आवडले तेव्हाच ओळखायला हवं होतं.

आता निम्मे हे नाव. दादाचं माणसांबद्दलचं मत फार चांगलं नव्हतं. तो म्हणायचा, “माणसाला आकडा दाखवला की तो तिथपर्यंत जाऊन उभा राहतो. कठड्याला टेकू नका लिहिलं की हात लावून बघतो.” म्हणून वापरायचा आकडाही तो खरा सांगायचा नाही. त्याचेही निम्मे करायचा. तुटायचा चोवीसशे, वापरायचा बाराशे, आणि दादाच्या तोंडून निघायचा सहाशे. लोक सहाशेच्या थोडे पुढे गेले तरी बिघडायला नको, असा त्याचा हिशोब. एकदा सुताराने इंजिन उचलायला त्याच्याकडून एक शॅकल नेलं. दादा म्हणाला तीनशे. सुताराने घाईत जवळजवळ सहाशेचं इंजिन लटकवलं, आणि शॅकल हललंही नाही. सुतार परत आला तो सगळ्या धक्क्याला सांगत, “अरे हा निम्मंच सांगतो. याचं बोलणं दुप्पट धरा.”

झालं. त्या दिवसापासून धक्काभर तो नियम झाला. दादा म्हणाला चारशे की लोक मनात आठशे धरायचे आणि तोंडाने “बरं निम्मे” म्हणायचे. दादाला हे माहीत नव्हतं का? चांगलं माहीत होतं. मी त्याला विचारलं होतं, मग एकदाचं खरं सांगून मोकळा का होत नाहीस. तर म्हणाला, “आता खरं सांगितलं तर त्याचेही दुप्पट करतील. मग तर मेलेच. आता मला जन्मभर निम्मंच सांगायला हवं.” अशी गंमत. खोटं सांगत होता म्हणून सगळे सुखरूप होते.

आणि हे नुसतं पोलादाचं नव्हतं. दादा सगळंच हात राखून बोलायचा. जेवण फार आवडलं तर “बरंय” म्हणायचा. वहिनीने एकदा नवी साडी नेसून विचारलं, कशी दिसते, तर “ठीक आहे” म्हणाला आणि वहिनी दिवसभर खुशीत. एकदा “जरा कणकण आहे” म्हणाला तर वहिनीने सरळ रिक्षात घालून दवाखान्यात नेला. फुफ्फुसात पाणी झालं होतं. माझं लग्न ठरवायला आमचे हे आले, तेव्हा दादा त्यांना बाजूला घेऊन म्हणाला, “आमची बहीण जराशी तापट आहे.” हे आजही चारचौघांत सांगतात, मी तेव्हाच दुप्पट धरलं होतं म्हणून टिकलो. मला ते ऐकून राग येतो, आणि राग आला की सगळे आणखी हसतात.

तर आमच्या ह्यांनाही दादाच्या बोलण्याची दुप्पट करायची सवय होती. बाहेरच्यांपेक्षा जास्तच होती, कारण ते त्याला जवळून ओळखत होते.

त्या वर्षी ह्यांच्या मनात आलं की होडीला पुढचं शिड मोठं करावं. त्या मोसमात वारा मंद असायचा, माणसं कंटाळायची. मी शिवून दिलं. शिड उत्तम झालं होतं, हे मी स्वतःच सांगते, कारण त्याच्यावर कुणी कधी बोट ठेवलं नाही. पण मोठं शिड म्हणजे मोठी ओढ. शिडाचा दोर होडीच्या मागच्या कोपऱ्यातल्या कप्पीपर्यंत जायचा आणि तिथून उलटा फिरून पुढे विंचवर यायचा, म्हणजे दोर गुंडाळून ताणायच्या त्या पिंपासारख्या यंत्रावर. दोर असा उलटा फिरला की कप्पीवर ओढ दुप्पट येते. हे मला दादाने लहानपणीच शिकवलं होतं, दाराच्या खांबाला दोरी घालून. एक टोक माझ्या हातात, एक त्याच्या. “तू ओढतेस तेवढंच मी ओढतोय. पण खांबाला बिचाऱ्याला दोघांचं सोसायला लागतंय.” ह्यांनाही ते ठाऊक होतं. त्यांनी हिशोब केला: जोराच्या वाऱ्यात दोराला हजार किलो, म्हणजे कप्पीला दोन हजार. जुनीच कप्पी चालेल का, एवढंच विचारायचं होतं.

त्यांनी विचारलं ते आमच्या घरी, जेवताना. मी वाढत होते. वहिनी ताटं पुसत होती. हे म्हणाले, “दादा, आमच्या मागच्या कप्पीचा किती धरू?”

दादा नेहमी असं विचारल्यावर छताकडे बघायचा, मनात निम्मे करायला वेळ लागायचा त्याला. त्या दिवशी त्याने छताकडे बघितलं नाही. सरळ ह्यांच्याकडे बघून म्हणाला, “बाराशे. घरचा आकडा सांगतोय.”

“घरचा म्हणजे प्रश्नच मिटला,” हे म्हणाले. दोघे हसले आणि दादाने आणखी थोडं वाढ म्हणून ताट पुढे केलं.

एवढंच बोलणं. मी तिथे उभी होते, वहिनी होती, आणि आम्हा चौघांपैकी कुणालाही त्यात काही खटकलं नाही.

पहिल्या फेरीला ह्यांनी माणसं घेतली नव्हती, तेवढं नशीब. नवं शिड म्हणून एकटेच चाचणी घ्यायला गेले. वारा हळूहळू वाढला, शिड छान भरलं, आणि मग खडकांच्या आडून एक झोत एकदम आला. शिडाने हिसका दिला. कप्पी तुटली. दोर उलटा फिरलेला असतो तेव्हा वळणाच्या आत उभं राहू नये, कारण कप्पी गेली की तो दोर ताठ होऊन मधलं सगळं कापत जातो. हे दादाने ह्यांना इतक्यांदा सांगितलं होतं की हे झोपेत म्हणून दाखवायचे. ते आत उभे नव्हतेच. विंचवरचा उजवा हात तेवढा आत होता.

हात गेला नाही. पण गेल्यातच जमा. मनगटापासून कोपरापर्यंत हाडांचा चुरा झाला होता. डॉक्टरांनी जोडलं, सळ्या घातल्या, पण मूठ मिटेना ती आजतागायत मिटलेली नाही. सुकाणू धरता येत नाही, दोर धरता येत नाही. कप्तानाला आणखी काय धरायचं असतं? होडी दुसऱ्याने घेतली. हे घरी बसले.

दवाखान्यात दादा धावत आला तेव्हा हे आत होते, मी बाहेर बाकावर. दादाचा पहिला प्रश्न काय असावा? “कप्पी कुठून गेली? पिनेतून की बाजूच्या पत्र्यातून?” मी उठून त्याच्या अंगावरच गेले. आत माझा माणूस पडलाय आणि तुला कप्पीची पडली आहे? वहिनीने मला धरलं. दादा मागे सरकला आणि भिंतीला पाठ लावून उभा राहिला. आज मला कळतं, त्याला दुसरं काही विचारताच येत नव्हतं. तेव्हा नाही कळलं.

शुद्ध नीट आल्यावर हे मला म्हणाले, “दादा सगळ्या दुनियेला हात राखून सांगतात. आपल्यालाच तेवढं उघड्यावर टाकलं.” मला वाटलं, औषधाच्या गुंगीत बोलताहेत. आणि त्याच आठवड्यात दवाखान्याच्या जिन्यात दादा मला म्हणाला, “मी त्यांना खरं सांगितलं होतं गं. आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी माझा तोही शब्द बाजारातला धरला.” मला दोघांचाही राग आला. एकाचा हात मोडलेला आणि दुसरा शब्दांचं घेऊन बसलाय, असं म्हणून मी दोघांनाही गप्प केलं.

त्यानंतर जे सुरू झालं ते फार वाईट होतं, कारण ते फार सभ्य होतं. दादा यायचा, बाहेर दारावर टकटक करायचा. स्वतःच्या बहिणीच्या दारावर. हे म्हणायचे, “या, बसा.” तो म्हणायचा, “नको, घाईत आहे.” आणि दाराजवळच्या स्टुलावर अर्धवट टेकायचा. “कसा आहे हात?” “आहे.” “औषधं?” “चालू.” चहा यायचा, तो पिऊन तो उठायचा. झाकणं उघडणं बंद झालं. मी मुद्दाम त्याच्या आवडीचं करून झाकून ठेवायचे आणि ते झाकलेलंच राहायचं. असं महिनोन्‌महिने नाही, वर्षं चाललं. मी चिडून एकदा म्हटलं, तुमच्या दोघांपेक्षा पोस्टमन जास्त बोलतो माझ्याशी. दोघेही ओशाळून हसले, आणि पुन्हा तेच.

दादाचं धक्क्यावरचंही बदललं. कुणी विचारलं, याचा किती धरू, तर म्हणायचा, “छापलंय ते वाचा.” सुतार बिचारा मुद्दाम चिडवायला जायचा, “निम्मे, निम्मं तरी सांग.” दादा वर बघायचा नाही. खालून ठण्ण आवाज यायचा बंद झाला. माझी सुई सरळ चालायला लागली, आणि मला ते अजिबात नको होतं.

मग एक दिवस सुताराची बायको माळ्यावर आली. हातात फुलाफुलांचं कापड, नातीचा फ्रॉक शिवायचा होता. मी शिडं शिवते, फ्रॉक नाही, पण तिला नाही म्हणणं म्हणजे सुताराच्या तोंडाला लागणं. मी कापड अंथरलं, खडूने माप आखलं. ती वाकून बघत होती. म्हणाली, “अगं, माया जास्त सोड की. घरचं आहे. परक्याचं असल्यासारखं काठोकाठ काय कापतेस?”

शिवणीच्या आत जे जास्तीचं कापड दाबून ठेवतात, पुढे उसवून मोठं करता यावं म्हणून, त्याला माया म्हणतात. जन्मभर मी तो शब्द वापरत आले. शिडालाही माया सोडतात. आणि घरच्या कपड्याला माया जास्त सोडायची, ही तर शिवणाऱ्या प्रत्येक बाईची रीत. माझ्या हातात खडू तसाच राहिला. घरचं, म्हणजे जास्त राखून ठेवलेलं. हे तसंच समजले होते. दादा निम्मं राखतो सगळ्यांसाठी, मग घरच्यासाठी निम्म्याहून जास्तच राखलं असणार. बाराशे म्हणजे किमान चोवीसशे. आणि दादाच्या लेखी घरचं म्हणजे ज्याच्यापासून काही राखून ठेवायचं नाही ते. बाराशे म्हणजे बाराशे. दोघांनी एकमेकांवर जीव टाकून ऐकलं होतं, आणि दोघांनी वेगळं ऐकलं होतं.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. वाटलं, सापडलं. यात कुणाचीच चूक नाही. एकाने फसवलं नाही, दुसऱ्याने अविश्वास दाखवला नाही. हे दोघांना समोरासमोर कळलं की झालं, वर्षांची अढी जाईल. सुताराच्या बायकोला तसंच ठेवून मी खाली उतरले, दादाला हाताला धरून शेडबाहेर काढला आणि ओढत घरी आणला. तो विचारत होता, काय झालं, कुणाला काय झालं. मी म्हटलं, मुकाट्याने चल.

हे खिडकीशी बसले होते, डाव्या हाताने माझ्या दोऱ्याचा गुंता सोडवत. त्यांना तेवढं काम मी देत असे. मी दादाला त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसवला, स्टुलावर नाही. दार लावून घेतलं.

“दादा,” मी म्हटलं, “घरचा आकडा म्हणजे काय, सांग ह्यांना.”

त्याने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याला जखम उघडून दाखवायला सांगतेय. “म्हणजे खरा,” तो म्हणाला. “काही हातचं न राखता.”

“आणि तुम्हाला काय वाटलं होतं?” मी ह्यांना विचारलं.

ह्यांनी गुंता मांडीवर ठेवला. “मला वाटलं,” ते सावकाश म्हणाले, “परक्यांसाठी निम्मं राखतात, तर आपल्यासाठी त्याहून जास्त राखलं असेल.”

मला तर हसूच फुटायला लागलं होतं, सुटल्याचं हसू. मला वाटलं, आता दादा डोक्याला हात लावेल, आता हे म्हणतील, अरे देवा, आणि मग दोघेही हसतील, रडतील, काय ते करतील, आणि मी आत जाऊन काहीतरी गोड करीन. दादाने डोक्याला हात लावला नाही. तो छताकडे बघायला लागला. इतक्या वर्षांनी त्याला तसं बघताना मी बघत होते. तो हिशोब करत होता.

“म्हणजे,” दादा म्हणाला, “मी नेहमीसारखं सहाशे म्हणालो असतो, तर तुम्ही बाराशे धरले असते.”

“बाराशेच धरले असते.”

“आणि दोन हजारांची ओढ त्या कप्पीवर दिली नसती.”

“नसती दिली. तुमच्याकडून मोठी कप्पी मागून घेतली असती.”

मला तेव्हा कळलं हे कुठे चाललंय. मी मध्ये बोलायला तोंड उघडलं, पण दादाने हात वर केला. मला गप्प करायला त्याने आयुष्यात कधी हात वर केला नव्हता.

“तुम्हाला परका धरून खोटं सांगितलं असतं, तर तुमचा हात राहिला असता.”

ह्यांनी त्याच्याकडे बघितलं. नजर चुकवली नाही. माझा नवरा भला माणूस आहे, त्याच्यात एवढाच दोष आहे.

“हो दादा,” ते म्हणाले. “राहिला असता.”

दादाने मान हलवली. मग त्याने आमच्या ह्यांचा तो हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, न मिटणारी, अर्धवट वाकलेली बोटं एकेक करून सरळ केली, आणि बराच वेळ तसाच धरून बसला. मी चहा केला. त्याने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, आणि कप स्वतः आत नेऊन ठेवला.

अढी गेली, हे मला नाकारता येणार नाही. त्यानंतर दादा रोज येऊ लागला. ह्यांच्या शर्टाची बटणं लावून द्यायचा, नखं कापून द्यायचा, दोघे खिडकीत बसून कुठल्या होडीची डोलकाठी वाकडी आहे यावर तासन्‌तास बोलायचे. मी जे मागितलं होतं ते मला मिळालं. पण माणूस पोकळ झाला होता. इतकी वर्षं त्याच्याजवळ एक रुसवा तरी होता, की मी खरं बोललो आणि माझ्यावर विश्वास ठेवला नाही. तो रुसवाच त्याला उभा धरून होता, हे मला काय माहीत? मी मोठ्या हौसेने जाऊन तो काढून घेतला. आता त्याच्या हातात उरलं ते एवढंच की, आयुष्यात एकदाच आपण कुणाला आतलं सांगितलं, आणि त्यानेच घात झाला. महिन्याभरात त्याने ती लोखंडी चौकट भंगारात देऊन टाकली. शेड बंद केली. वहिनी मला म्हणाली, “हल्ली मी कशी दिसते विचारलं तर काहीच म्हणत नाहीत गं. ठीक आहेसुद्धा म्हणत नाहीत.” ती हसत हसत सांगत होती आणि तिचे डोळे भरले होते.

पुढच्या वर्षी थंडीत दादा गेला. झोपेत गेला, कुणाला काही बोलला नाही. सगळा धक्का आला होता. सुतार लहान मुलासारखा रडला आणि म्हणाला, “याचं नाव मी ठेवलं.”

सगळं आटोपून आम्ही दोघे घरी आलो. मी दिवा लावला, पाणी प्यायले, आणि मग माझा बांध फुटला. मला वाटतं, तो सगळा राग मी त्या खुर्चीतल्या दुपारपासूनच पोटात ठेवला होता. मी ह्यांना नको नको ते बोलले. म्हटलं, “तो विचारत होता तेव्हा एकदा नाही म्हणाला असतात तर काय झालं असतं? नाही दादा, कप्पी तशीही जाणारच होती, वाराच तसा होता, असं म्हणायला काय जात होतं तुमचं? एवढंसं खोटं. त्याने जन्मभर सगळ्यांसाठी केलं ते तुम्हाला एकदा त्याच्यासाठी करता आलं नाही?”

ह्यांनी मला सगळं बोलू दिलं. तो मेलेला हात मांडीवर पालथा पडला होता. मग म्हणाले,

“परका असता तर म्हणालो असतो.”